इंजिनच्या स्मृतीतील कुलूप : मोटारींच्या इमोबिलायझर माहितीचे वाचन

मोटारीची मालकी नोंदणी प्रमाणपत्रावर लिहिलेली असते. मात्र इंजिन सुरू होऊ द्यायचे की नाही, याचा निर्णय इंजिन नियंत्रण एककाच्या, म्हणजे ईसीयूच्या, स्मृतीत साठवलेली मोजकी माहिती घेते. गॅरेजच्या बोलीत या पेटीला ईसीएम असेही म्हणतात. चावीतील चिपने दिलेले उत्तर या माहितीशी जुळले तरच इंधन व प्रज्वलन यांना परवानगी मिळते. न जुळल्यास गाडी जागची हलत नाही, मग चावी हातात धरणारी व्यक्ती खरी मालक असली तरीही. या व्यवस्थेला इमोबिलायझर म्हणतात.

ही माहिती ईसीयूतून वाचून काढणे हे वाहनदुरुस्तीतील आज नित्याचे, तरीही नाजूक काम झाले आहे. पुरात भिजलेली गाडी, जळालेले ईसीयू, हरवलेल्या दोन्ही चाव्या अशा प्रसंगी या वाचनावाचून गाडी पुन्हा रस्त्यावर येऊ शकत नाही. दुसऱ्या बाजूला, हेच वाचन चोराच्या हाती पडले तर कुलपाला अर्थ उरत नाही. त्यामुळे ही माहिती कोणी, कोणत्या अधिकाराने आणि कोणत्या नोंदीवर वाचावी, हा प्रश्न वाहनमालक, स्वतंत्र गॅरेजवाले, उत्पादक, विमा कंपन्या आणि पोलीस या सर्वांना सारखाच लागू होतो.

उगम आणि प्रसार

चावीच्या दात्यांखेरीज दुसरी ओळख मागण्याची कल्पना १९८०च्या दशकात व्यवहारात आली. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९८६ सालच्या कॉर्व्हेट मोटारीच्या चावीत एक छोटा विद्युतरोधक बसवला. रोधाची एकूण १५ मूल्ये वापरात होती आणि गाडीला अपेक्षित मूल्य न मिळाल्यास ती सुरू होत नसे. पंधरा पर्याय असलेले हे कुलूप आजच्या मापाने अगदी साधे वाटते. चावी यांत्रिकदृष्ट्या बसली तरी गाडीने ती नाकारावी, हे तत्त्व मात्र त्यातून रुजले.

१९९०च्या दशकात युरोपात वाहनचोरी वाढल्यावर रेडिओ लहरींवर चालणाऱ्या चिपच्या चाव्या आल्या. युरोपीय समुदायाच्या ९५/५६ या निर्देशानुसार ऑक्टोबर १९९८पासून नव्या प्रवासी मोटारींत इलेक्ट्रॉनिक इमोबिलायझर अनिवार्य झाला. ऑस्ट्रेलियाने २००१मध्ये आणि कॅनडाने सप्टेंबर २००७मध्ये तशीच सक्ती केली. नेदरलँड्समधील बेन व्होलार्ड आणि यान व्हान ऊर्स या अर्थशास्त्रज्ञांनी १९९५ ते २००८ या काळातील आकडेवारी तपासली. इमोबिलायझरमुळे मोटारचोरीचे प्रमाण सरासरी सुमारे ४० टक्क्यांनी घटले, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

अमेरिकेत अशी सक्ती झाली नाही आणि तिचा परिणाम २०२२च्या सुमारास ठळकपणे दिसला. तेथील विमा क्षेत्राच्या हायवे लॉस डेटा इन्स्टिट्यूटच्या नोंदीनुसार २०१५ सालच्या मॉडेलांपैकी इतर उत्पादकांच्या ९६ टक्के गाड्यांत इमोबिलायझर मूळ साधन म्हणून बसवलेला होता, तर ह्युंदाई व किया यांच्या बाबतीत हे प्रमाण २६ टक्के होते. इमोबिलायझर नसलेल्या या गाड्या सुरू करण्याच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर पसरल्या आणि अनेक शहरांत चोऱ्यांची लाट आली. फेब्रुवारी २०२३मध्ये या कंपन्यांनी सॉफ्टवेअरमधील विनामूल्य सुधारणा द्यायला सुरुवात केली.

भारतात बहुतेक प्रवासी मोटारींत ही सोय कारखान्यातूनच बसवून येते. भारतीय मोटार विमा दरपत्रकानेही तिच्यासारख्या चोरीविरोधी साधनांची दखल घेतली. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, या संस्थेने मान्य केलेले साधन बसवले आणि बसवल्याचे प्रमाणपत्र वाहनचालक संघटनेकडून मिळवले, तर ‘ओन डॅमेज’ हप्त्यात २.५ टक्के, परंतु कमाल ५०० रुपये सवलतीची तरतूद त्यात आहे.

चावी आणि ईसीयू यांच्यातील संवाद

चावीच्या प्लास्टिकच्या मुठीत बसवलेल्या ट्रान्सपाँडर चिपला स्वतःची बॅटरी लागत नाही. इग्निशन स्विचभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून १२५ किंवा सुमारे १३४ किलोहर्ट्झ वारंवारितेचे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि त्या क्षेत्रातूनच चिपला ऊर्जा मिळते. रिमोटची बॅटरी संपली असतानाही बहुतेक गाड्या चावीने सुरू होतात, त्याचे कारण हेच. दार उघडणारा रिमोट आणि इंजिनला परवानगी देणारी चिप एकाच मुठीत असल्या तरी त्यांची कामे वेगळी असतात.

सुरुवातीच्या चिप एक ठरावीक क्रमांक सांगत. तो क्रमांक एकदा ऐकला की त्याची नक्कल शक्य होती. नंतरच्या चिपमध्ये आव्हान-प्रतिसाद पद्धत आली. गाडी दर वेळी एक नवी यादृच्छिक संख्या पाठवते. चिप ती आपल्या गुप्त कूटसंख्येशी मिसळून उत्तर तयार करते. गाडीही तेच गणित आपल्या बाजूने करते आणि दोन्ही उत्तरे ताडून पाहते. कूटसंख्या स्वतः कधीही हवेतून जात नाही. त्यामुळे हा संवाद ऐकणाऱ्याला पुढच्या वेळी तो उपयोगी पडत नाही.

यानंतर दुसरी पडताळणी होते. चावी ओळखणारा भाग, मग तो स्वतंत्र इमोबिलायझर पेटी असो, डॅशबोर्डवरील मीटर असो किंवा बॉडी कंट्रोल मोड्यूल असो, ईसीयूशी असाच संवाद साधून चावी मान्य झाल्याचे कळवतो. हा भाग आपल्याच गाडीचा आहे याची खात्री ईसीयू करून घेते. म्हणजे एका गाडीत चावी, पडताळणारा भाग आणि ईसीयू अशी तीन साक्षीदारांची साखळी असते. त्यांपैकी एकाचीही माहिती बदलली किंवा पुसली गेली की साखळी तुटते.

साखळी तुटल्याची लक्षणे उत्पादकानुसार बदलतात. काही गाड्यांत स्टार्टर फिरतच नाही. काहींत इंजिन क्षणभर सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडते आणि मीटरवर चावीचे चिन्ह लुकलुकते. दोषांच्या प्रमाणित यादीत पी०५१३ हा संकेत चुकीच्या चावीसाठी, पी०६३३ हा ईसीयूत चावीची नोंद नसल्याबद्दल, तर यू०१६७ हा इमोबिलायझरशी संपर्क तुटल्याबद्दल आहे.

कोणती माहिती, कोठे

ईसीयूतील इमोबिलायझर माहिती आकाराने फार लहान असते. जुन्या अनेक ईसीयूंत ती आठ पायांच्या ईईप्रॉम चिपमध्ये असे. वीज गेल्यावरही अशा चिपमधील माहिती टिकते. २४सी०४ किंवा ९३सी६६ या प्रचलित चिपची क्षमता ५१२ बाइट, तर ९५१६० या चिपची २,०४८ बाइट आहे. संगणकात देवनागरीचे एक अक्षरचिन्ह सामान्यतः तीन बाइट व्यापते, हे लक्षात घेता ५१२ बाइटमध्ये सुमारे १७० अक्षरचिन्हेच मावतील. लाखो रुपयांच्या गाडीची चालू होण्याची परवानगी एवढ्या जागेत सामावलेली असते.

या जागेत साधारणतः पुढील गोष्टी आढळतात : १७ वर्णांचा वाहन ओळख क्रमांक, इमोबिलायझरची स्वतंत्र ओळख, ईसीयू आणि पडताळणारा भाग यांच्यातील सामायिक कूटसंख्या, सेवा केंद्रासाठीचा प्रवेशसंकेत, प्रणाली जुळवलेली आहे की कोरी आहे हे दर्शवणारी खूण, आणि ही सर्व माहिती अखंड आहे याची खात्री देणारी तपासणी-बेरीज. चाव्यांची यादी बहुधा ईसीयूत नसून पडताळणाऱ्या भागात असते. म्हणून ‘ईसीयू वाचले म्हणजे चावी मिळाली’ ही समजूत अनेक गाड्यांच्या बाबतीत चुकीची ठरते.

नावे व रचना उत्पादकागणिक वेगळी असतात. बीएमडब्ल्यूच्या गाड्यांत ईसीयूचा स्वतःचा क्रमांक ‘आयएसएन’ म्हणून ओळखला जातो आणि तो प्रवेश-नियंत्रण एककातील क्रमांकाशी जुळावा लागतो. फोक्सवॅगन समूहाच्या तिसऱ्या पिढीच्या प्रणालीत वाहन ओळख क्रमांकासोबत १४ वर्णांची इमोबिलायझर ओळख मीटर आणि ईसीयू या दोन्ही ठिकाणी नोंदवलेली असते. या समूहाच्या प्रारंभीच्या गाड्यांसोबत चार अंकी प्रवेशसंकेत छोट्या पट्टीवर लपवून मालकालाच दिला जाई. चौथ्या पिढीपासून कंपनीच्या जर्मनीतील ‘फाझिट’ या मध्यवर्ती माहितीकोशाशी ऑनलाइन जोडणी केल्याशिवाय नवी चावी किंवा नवे एकक जुळवता येईनासे झाले. पट्टीपासून माहितीकोशापर्यंतच्या या प्रवासात सुरक्षितता वाढली, तशीच गुपिताची सूत्रे मालकाच्या हातून कंपनीकडे गेली.

वाचनाचे दोन अर्थ, चार मार्ग

‘इमोबिलायझर वाचणे’ हा शब्दप्रयोग दोन वेगळ्या कामांसाठी वापरला जातो. पहिले काम निदानाचे. स्कॅनर जोडून चावी ओळखली गेली का, किती चाव्या नोंदलेल्या आहेत, ईसीयूने परवानगी दिली का, वाहन क्रमांक जुळतो का, अशी स्थिती पाहिली जाते. यात गुप्त माहिती उघड होत नाही. दुसरे काम स्मृतीतील संपूर्ण मजकूर जसाच्या तसा संगणकावर उतरवून घेण्याचे. त्यात कूटसंख्या आणि प्रवेशसंकेतही येतात. पहिले काम कोणत्याही सजग मेकॅनिकच्या आवाक्यातले आहे. दुसऱ्यासाठी विशेष साधने, अनुभव आणि अधिकार तिन्ही लागतात.

संपूर्ण मजकूर मिळवण्याचे चार मार्ग प्रचलित आहेत. पहिला मार्ग स्टिअरिंगखालील निदान जोडणीतून, म्हणजे ओबीडी पोर्टमधून जातो. भारतात चारचाकींसाठी ओबीडीचा पहिला टप्पा एप्रिल २०१०पासून आणि दुसरा एप्रिल २०१३पासून लागू झाला. या मार्गात ईसीयू काढावे लागत नाही. आयएसओ १४२२९ या मानकातील सुरक्षा-प्रवेशाची पायरी मात्र ओलांडावी लागते. ईसीयू एक संख्या देते, उपकरणाने तिचे योग्य उत्तर द्यायचे असते आणि चुकीची उत्तरे वारंवार आल्यास काही काळ प्रवेश बंद होतो.

दुसऱ्या मार्गात ईसीयू गाडीतून काढून टेबलावर ठेवतात आणि त्याच्या जोडणीच्या पिनांना वीज व संपर्कवाहिनी देऊन वाचन करतात. तिसऱ्यात पेटी उघडून प्रोसेसरला प्रारंभिक अवस्थेत, म्हणजे बूट मोडमध्ये, नेले जाते. चौथ्यात स्वतंत्र ईईप्रॉम चिप पकडीने किंवा सर्किट बोर्डवरून सोडवून थेट वाचली जाते. क्रमाने मार्ग जितका खोल जातो, तितकी ईसीयूला इजा होण्याची शक्यता वाढते. डिझेल गाड्यांतील बॉशच्या ईडीसी १५ आणि ईडीसी १६ या मालिकांत स्वतंत्र चिप असे. ईडीसी १७ मालिकेत स्मृती प्रोसेसरच्या आतच गेली आणि तिला संकेतशब्दाचे संरक्षण आले. अलीकडच्या प्रोसेसरांत कूटसंख्यांसाठी वेगळा सुरक्षित कप्पा असतो. तेथील कूटसंख्या बाहेर काढता येऊ नयेत, अशीच त्याची रचना असते.

गरज कधी पडते

वाचनाची सर्वांत सामान्य गरज ईसीयू बदलताना येते. पावसाचे पाणी शिरून, उलट दिशेने जम्प-स्टार्ट केल्याने किंवा वायरिंगमध्ये शॉर्टसर्किट होऊन ईसीयू निकामी होते. नवे ईसीयू कोरे येते आणि अधिकृत केंद्रात ते गाडीशी जुळवता येते. खर्च वाचवण्यासाठी भंगारातील गाडीचे ईसीयू बसवल्यास मात्र त्यात जुन्या गाडीची ओळख असते आणि गाडी सुरू होत नाही. अशा वेळी मूळ ईसीयूतील माहिती वाचून ती दुसऱ्यात उतरवली जाते. मूळ ईसीयूचा प्रोसेसर जळाला असला तरी ईईप्रॉम चिप शाबूत असू शकते आणि मग तेवढी चिप हाच गाडीचा शेवटचा ओळखपुरावा ठरतो.

दुसरा प्रसंग सर्व चाव्या हरवण्याचा. एक चावी शिल्लक असेल तर दुसरी तयार करणे तुलनेने सोपे असते. एकही नसेल तर अनेक गाड्यांत प्रवेशसंकेत मिळवावा लागतो, अन्यथा एकके बदलावी लागतात. तिसरा प्रसंग तपासाचा. चोरीस गेलेली गाडी सापडल्यावर चासीचा क्रमांक खोडलेला असला, तरी ईसीयू, मीटर वा अन्य एककांत नोंदलेला वाहन ओळख क्रमांक तिची मूळ ओळख सांगू शकतो. वापरलेली गाडी विकत घेणाऱ्यालाही हीच तपासणी उपयोगी पडते. ईसीयूतील क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी जुळत नसेल, तर त्याचे लेखी स्पष्टीकरण मागणे आवश्यक ठरते.

अनेकदा मात्र दोष ईसीयूत नसतोच. इग्निशनभोवतीचे वेटोळे तुटलेले असते, चिप नसलेल्या नव्या मुठीत चावी बसवलेली असते, एकाच कडीत दोन चिपच्या चाव्या असल्याने एकीचा संकेत दुसरीत अडथळा आणतो किंवा बॅटरी उतरल्याने व्होल्टेज घसरलेले असते. दुसरी चावी वापरून पाहणे आणि स्कॅनरवर चावीची स्थिती तपासणे या दोन साध्या पायऱ्यांनी ईसीयू उघडण्याची वेळ बहुधा टळते.

वाचनातील धोके

स्मृतीचे वाचन करताना वीजपुरवठा खंडित झाला किंवा चुकीच्या प्रकारची चिप निवडली, तर मजकूर अर्धवट किंवा बिघडलेला मिळतो. काही चिप माहिती आठ बिटांच्या, तर काही सोळा बिटांच्या गटांनी देतात. गट उलटे वाचले गेले की वाहन क्रमांकाची अक्षरे जोडीजोडीने अदलाबदल होऊन दिसतात. म्हणून जाणकार तंत्रज्ञ मजकूर दोनदा वाचून दोन्ही प्रती तंतोतंत जुळतात का ते पाहतात, त्यातील वाहन क्रमांक गाडीशी ताडतात आणि मूळ प्रत न बदलता जपून ठेवतात. मूळ प्रत हाती नसताना केलेला कोणताही बदल परतीचा रस्ता बंद करतो.

काही ठिकाणी दुरुस्तीऐवजी ईसीयूतील पडताळणीच बंद करून दिली जाते. गाडी सुरू होते, परंतु यापुढे ती कोणत्याही चावीने, किंबहुना चिपशिवायही, सुरू होऊ शकते. कारखान्याने दिलेले संरक्षण त्या दिवसापासून संपते आणि चोरी झाल्यास विमादाव्यावर प्रश्न उभा राहू शकतो. गाडी पुढे विकली गेली तर नव्या मालकाला याची कल्पनाही नसते. त्यामुळे हा उपाय दुरुस्ती म्हणून स्वीकारण्याजोगा नाही.

कुलपाची ताकद आणि गुप्ततेची मर्यादा

इमोबिलायझर अभेद्य नाही, हे विद्यापीठीय संशोधनाने वेळोवेळी दाखवले आहे. २००५मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए प्रयोगशाळा यांतील संशोधकांनी ४० बिटांच्या कूटसंख्येवर चालणारी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप भेदून दाखवली. ४० बिट म्हणजे सुमारे १.१ लाख कोटी शक्यता. माणसाला प्रचंड वाटणारी ही संख्या संगणकाला झेपणारी ठरली. २०१२मध्ये रोएल व्हर्डुल्ट, फ्लाव्हिओ गार्सिया आणि जोसेप बालाश यांनी ४८ बिटांची ‘हायटॅग २’ प्रणाली सहा मिनिटांच्या आत भेदता येते, असे मांडले.

‘मेगामॉस क्रिप्टो’ या चिपवरील पुढील संशोधनाची कथा अधिक बोलकी आहे. २०१३मध्ये फोक्सवॅगनच्या अर्जावरून लंडनच्या उच्च न्यायालयाने त्याच्या प्रकाशनाला मनाई केली. ते अखेर २०१५मध्ये, एक वाक्य वगळून, प्रसिद्ध झाले. २०२०मध्ये बेल्जियममधील लोवेन आणि ब्रिटनमधील बर्मिंगहॅम विद्यापीठांच्या संशोधकांनी ८० बिटांच्या चिपमध्येही काही उत्पादकांनी कूटसंख्या कमकुवतपणे निवडल्याचे दाखवले. ह्युंदाई व किया यांच्या काही गाड्यांत प्रत्यक्षात केवळ २४ बिट यादृच्छिक होते, म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख शक्यता. टोयोटाच्या काही गाड्यांत कूटसंख्या चिपच्या उघड अनुक्रमांकावरून बेतलेली होती. गणित भक्कम असूनही ते वापरण्याच्या पद्धतीमुळे कुलूप दुबळे होऊ शकते, हा या संशोधनाचा मथितार्थ.

चोरांनीही मार्ग बदलले आहेत. दिल्ली व परिसरातील वाहनचोरीच्या तपासांत टोळ्यांकडून चावी प्रोग्राम करणारी उपकरणे आणि सुटे ईसीएम जप्त झाल्याचे वारंवार समोर आले आहे. बटणाने सुरू होणाऱ्या गाड्यांत घरातील चावीचा संकेत गाडीपर्यंत लांबवण्याची युक्ती वापरली जाते. झुरिचच्या ईटीएच संस्थेतील संशोधकांनी ती २०११मध्येच दहा मॉडेलांवर सिद्ध केली होती. या प्रकारात ईसीयूतील माहिती वाचावीच लागत नाही.

या पार्श्वभूमीवर संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाने वाहनांच्या सायबर सुरक्षेसाठी नियम क्रमांक १५५ केला. युरोपीय संघात तो जुलै २०२२पासून नव्या मॉडेलांना आणि जुलै २०२४पासून सर्व नव्या गाड्यांना लागू झाला.

कायदा आणि दुरुस्तीचा हक्क

भारतात ईसीयू वाचणे हे स्वतःहून गुन्हा नाही; संमती हा येथे निर्णायक घटक आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या कलम ४३मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात प्रवेश करणे किंवा त्यातील माहिती काढून घेणे यासाठी भरपाईची तरतूद आहे. असे कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास कलम ६६नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. कायद्यातील ‘संगणक’ या शब्दाची व्याख्या व्यापक असल्याने ईसीयू तिच्या कक्षेत येते, असे मानण्यास जागा आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीचा गुन्हा कलम ३०३मध्ये आहे.

दुसरी बाजू स्पर्धेची आहे. मोटार कंपन्या सुटे भाग, निदानाची साधने आणि तांत्रिक पुस्तिका स्वतंत्र गॅरेजना उपलब्ध करून देत नाहीत, या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आदेशाला अपिलात आव्हान दिले गेले, तरी दुरुस्तीचे ज्ञान हा बाजारातील सत्तेचा विषय आहे, हे त्यातून अधोरेखित झाले. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने निवडलेल्या चार क्षेत्रांत मोटारवाहनांचा समावेश होता आणि त्यानंतर या विषयावर स्वतंत्र पोर्टलही सुरू झाले.

सुरक्षितता आणि दुरुस्ती यांचा मेळ घालण्याचे काही नमुने परदेशांत आहेत. अमेरिकेत ‘नॅस्टफ’ या संस्थेच्या नोंदवहीत नाव असलेल्या कुलूपतज्ज्ञांना व तंत्रज्ञांना उत्पादकांकडून चावीचे संकेत मिळतात. त्यासाठी त्यांची पार्श्वभूमी तपासली जाते आणि प्रत्येक कामात गाडीवरील मालकाचा अधिकार पडताळून त्याची नोंद ठेवावी लागते. युरोपीय संघाच्या ‘सर्मी’ योजनेत स्वतंत्र गॅरेज व त्यातील कर्मचारी यांना पडताळणीनंतर प्रमाणपत्र मिळते आणि चोरीविरोधी माहितीचा प्रवेश त्यावर अवलंबून असतो. माहिती बंद ठेवणे आणि ती मोकाट सोडणे यांमधील हा मार्ग आहे : माहिती मिळते, पण ती कोणी घेतली याची नोंद राहते.

मालकाने घ्यावयाची काळजी

वाहनमालकाच्या दृष्टीने काही गोष्टी व्यवहारात महत्त्वाच्या ठरतात. गाडी घेताना दोन्ही चाव्या आणि प्रवेशसंकेताची पट्टी दिली असल्यास तीही मागून घ्यावी. संकेत गाडीतच ठेवू नये. चोरीचा विमादावा करताना कंपन्या सामान्यतः दोन्ही मूळ चाव्या मागतात. म्हणून एखादी चावी हरवल्यास पोलिसांत नोंद करून त्याची प्रत जपावी आणि हरवलेली चावी प्रणालीतून रद्द करून घ्यावी. वापरलेली गाडी घेतल्यावर नोंदलेल्या चाव्यांची संख्या तपासावी. हाती दोन आणि प्रणालीत तीन चाव्या असतील, तर तिसरी कोणाकडे आहे हा प्रश्न तत्काळ सोडवायला हवा.

ईसीयूचे काम करून घेताना नोंदणी प्रमाणपत्र व ओळखपत्र मागणारा तंत्रज्ञ अडवणूक करत नसून मालकाचेच रक्षण करत असतो. काय वाचले, काय बदलले आणि कोणते एकक बसवले, याचा उल्लेख बिलावर असावा. वाचलेल्या मजकुराची मूळ प्रत मालकाने स्वतःकडे घ्यावी. ती चावीइतकीच जोखमीची वस्तू असल्याने गॅरेजच्या संगणकावर ती ठेवली जाणार असेल, तर किती काळ आणि कोणाच्या ताब्यात, हेही विचारून घ्यावे. जुने ईसीयू निकामी झाले तरी ते भंगारात देण्यापूर्वी त्यात गाडीची ओळख शिल्लक असू शकते, हे ध्यानात ठेवावे.